नाट्यगृह जळाल्यावर परत काय आणायचे?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच गेला, छत कोसळले, प्रेक्षागृहातल्या खुर्च्यांचा कोळसा झाला. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही आगीने सोडले नाही. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. त्या दिवशी कोल्हापूरचे रंगकर्मी राखेसमोर उभे राहून रडले आणि त्याच गर्दीतून मागणी पुढे आली: नाट्यगृह जसे होते तसेच परत हवे. राज्य सरकारने 20 कोटींची मदत जाहीर केली आणि पुढे पुनर्बांधणीचे कामही सुरू झाले.

‘जसे होते तसे’ ही मागणी मनापासूनची आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. पण ती पुरी करायची म्हणजे नेमके काय करायचे, याची चर्चा आपल्याकडे फार थोडी झाली. सोलापूरकराने तरी ती करायला हवी. कोल्हापूर आपल्यापासून दूर नाही, दोन्ही शहरांचा नाटकाचा शौक जुना आहे, आणि आग ही काय चीज असते हे या गावाने अलीकडेच पाहिले आहे. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत 8 जणांचा जीव गेला.

आधी वास्तूविषयी. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, तिथे रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचे मैदान उभे केले. त्याला लागूनच 1913 ते 1915 या काळात नाट्यगृह बांधले गेले. तेव्हाचे नाव पॅलेस थिएटर. मल्ल आणि गायक नट यांना एकाच आवारात शेजारी बसवणारा दुसरा राजा मला माहीत नाही. केशवराव भोसले याच कोल्हापूरचे, जन्म 1890 चा. 1908 मध्ये त्यांनी हुबळीत ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. 1957 मध्ये पॅलेस थिएटरला त्यांचे नाव मिळाले.

आता पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न. जसे होते तसे, म्हणजे कोणत्या सालचे? 1915 चे, शाहू महाराजांनी बांधून घेतलेले? नामकरण झाले त्या 1957 चे? की आगीच्या आदल्या दिवशीचे, ज्यात आधीच्या दशकातल्या नूतनीकरणाचे नवे साहित्य मिसळलेले होते? शंभर वर्षे चालत्या नाट्यगृहाला एकच एक मूळ रूप नसते. प्रत्येक पिढी खुर्च्या बदलते, दिवे बदलते, वायरिंग वाढवते, कुठे रंग चढवते, कुठे नवे छत टांगते. लोकांच्या डोळ्यांसमोर असते ते त्यांच्या तरुणपणीचे प्रेक्षागृह, आणि अभिलेखात सापडते ते बहुधा बांधणीच्या वेळचे. या दोहोंतला निर्णय आधी जाहीरपणे घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर ठेकेदार घेतो.

व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहाचे उदाहरण इथे सगळेच देतात, पण ते नीट पाहायला हवे. 29 जानेवारी 1996 ला ते जळाले. दुरुस्तीचे काम चालू होते आणि शेजारचा कालवा सफाईसाठी कोरडा केला असल्याने आगीच्या बोटींना जवळ येता आले नाही. पुढे तिथे काम करणारे दोन वीजतंत्री आग लावल्याबद्दल दोषी ठरले. शहराने ठरवले, जसे होते तसे, होते तिथेच. आल्दो रॉसी या वास्तुविशारदाचा आराखडा स्वीकारला गेला. तो 1997 मध्ये वारला, तरी काम त्याच्याच आराखड्यावर पुढे गेले आणि डिसेंबर 2003 मध्ये पडदा पुन्हा वर गेला. आतले सोनेरी नक्षीकाम, चित्रे, सज्जे पुन्हा घडवताना जुनी छायाचित्रे तर वापरलीच, पण 1954 च्या विस्कोंतीच्या ‘सेन्सो’ चित्रपटाचा सुरुवातीचा प्रसंग त्या नाट्यगृहात चित्रित झाला होता, त्याचाही तपशिलासाठी उपयोग झाला. आता याची दुसरी बाजू. हेच नाट्यगृह 1836 मध्येही जळाले होते आणि वर्षभरात नव्याने सजले होते. म्हणजे 2003 मध्ये व्हेनिसने परत आणले ते 1837 चे रूप, मूळ अठराव्या शतकातले नव्हे. त्यांनी साल निवडले आणि त्या सालाशी प्रामाणिक राहिले. अनुकरण करायचे तर या निवडीचे करावे.

कलकत्त्याच्या स्टार थिएटरने वेगळी वाट धरली. बंगाली रंगभूमीचे हे माहेर 1991 मध्ये जळाले. महापालिकेने ते ताब्यात घेऊन दर्शनी भाग जुन्या वळणाने उभा केला, आत मात्र आधुनिक सभागृह केले, आणि 2004 मध्ये ते उघडल्यावर तिथे चित्रपट दाखवले जाऊ लागले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला स्टार परत मिळाले, नाटकवाल्याला ते तसे मिळाले नाही. कोल्हापूरला सर्वांत मोठा धोका याच वाटेचा आहे, कारण तिथेही दगडी भिंती आणि दर्शनी भाग बऱ्यापैकी वाचला आहे. कमानी उभ्या दिसल्या की सगळ्यांना वाटते, वारसा वाचला. आत काय बसवले जाते याकडे मग कोणी पाहत नाही.

तिसरी वाट म्हैसूरची. 1897 मध्ये राजवाड्यातल्या लग्नसमारंभात लाकडी राजवाडा जळाला. नवा राजवाडा 1912 मध्ये पुरा झाला तो दगड, वीट आणि ओतीव लोखंडाचा. कल्याणमंडपाचे खांब ग्लासगोहून ओतून आले. आगीने शिकवलेला धडा त्या वास्तूच्या हाडांत आहे, आणि सजावटीत मात्र म्हैसूरची परंपरा तशीच पुढे गेली. आज तो राजवाडा कोणाला नकली वाटत नाही.

यांतली एखादीच वाट बरोबर आहे असे मला वाटत नाही. व्हेनिस आणि म्हैसूर या दोघांनी विचार करून निर्णय घेतला. 1964 च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की हरवलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रूपात मिसळून जावा, पण जुन्यापासून ओळखताही यावा. 1994 च्या नारा दस्तऐवजाने त्यात भर घातली, की अस्सलपणा फक्त जुन्या दगडलाकडात नसतो, घडवण्याच्या परंपरेतही असतो. आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार पिढ्यानपिढ्या याच समजुतीने होत आला. कारागिरी तीच, साहित्य तेच, हात नवे. विंडसर किल्ल्याला 20 नोव्हेंबर 1992 रोजी आग लागली तेव्हा ब्रिटिशांनीही दोन्ही तत्त्वे एकत्र वापरली. ज्या दालनांच्या नोंदी आणि तुकडे हाती होते ती पूर्वीसारखी केली, सेंट जॉर्ज हॉलला मात्र ओकच्या लाकडाचे नवेच छत घडवले. पाच वर्षांत 3 कोटी 65 लाख पौंडांत काम संपले.

तुकडे हाती असणे ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली. आग विझल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे सजावटीचे भवितव्य ठरवतात, आणि नेमके तेव्हाच जेसीबी येतो. ढिगाऱ्यात जळलेल्या कठड्याचा एक कोपरा, गिलाव्याच्या पट्टीचा हातभर तुकडा, पितळी कडी, खुर्चीचा ओतीव पाय, रंगाचे थर धरून असलेला लाकडाचा ढलपा, यांतला प्रत्येक म्हणजे एक माप आहे. विंडसरला आणि त्याआधी 1989 मध्ये जळालेल्या अपपार्क या वाड्यात राख चाळून असे तुकडे वेगळे केले, कुठे सापडले त्या जागेची खूण करून ठेवले आणि त्यांवरून साचे बनवले. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस जळालेले नव्हते, 1993 पासून बंद पडून झिजले होते. पण तिथेही आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालच्या कामात जुने रंग थर खरवडूनच शोधले गेले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ते सोनेरी-तांबड्या प्रेक्षागृहासह उघडले.

आग प्रत्येक साहित्याशी वेगळी वागते, आणि हे समजल्याशिवाय काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरत नाही. जाड सागवानी तुळई मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने जळत जाते, वरचा कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. म्हणून काळी पडलेली तुळई तासून तपासल्यावर आतून कामाची निघू शकते. उलट लोखंडी कैची जळत नाही, पण 550 अंशांच्या आसपास तिची निम्मी ताकद संपते आणि ती वाकून छत खाली आणते. बेसाल्टचा काळा दगड बराच तग धरतो. तापलेल्या दगडावर एकदम थंड पाणी पडले तर पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा 800 अंशांपर्यंत दम काढतो. प्लास्टर ऑफ पॅरिसमधले पाणी मात्र शंभर-दीडशे अंशांतच उडू लागते आणि ती नक्षी खडूसारखी भुसभुशीत होते.

सजावटीची खरी नासाडी पुष्कळदा ज्वाळांनी होत नाही, धूर आणि पाण्याने होते. प्लास्टिकच्या वायरी जळल्या की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते; ती काजळीबरोबर भिंतीवर, पितळेवर, लोखंडावर बसते आणि आग विझल्यावरही महिनोन्महिने कुरतडत राहते. विझवण्यासाठी मारलेले पाणी जाड भिंतींत मुरते, पुढच्या वर्षभरात क्षार घेऊन बाहेर येते आणि त्यावर घाईने चढवलेला रंग फोडांसारखा उचलला जातो. म्हणून जळालेल्या वास्तूची भिंत सुकू देणे हे काम आहे, विलंब नव्हे. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरवून त्यामागे काम पळवले की पहिला बळी या सुकण्याचा जातो. काजळीसुद्धा कोरडी, मऊ स्पंजाने टिपायची असते. ओल्या फडक्याने पुसली की ती छिद्रांत कायमची शिरते.

आता आवाज. संगीत नाटकाच्या प्रेक्षागृहात सजावट ही डोळ्यांची चैन नव्हती. केशवराव, बालगंधर्व, दीनानाथ यांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचे काम लाकडी तक्तपोशी, सज्जाचा कोरीव कठडा, उंच छत आणि भिंतींवरचे उठाव करत. सपाट भिंतीवरून आवाज एका झटक्यात उलटतो, नक्षीच्या खाचाखोचांवरून तो विखुरतो आणि मऊ होऊन पोहोचतो. पातळ लाकडी अस्तर खर्जाचा घुमारा शोषून घेते. बोलण्यासाठी सभागृहात आवाज साधारण एक सेकंदभर रेंगाळावा, गाण्यासाठी थोडा जास्त. संगीत नाटकाला या दोहोंचा मेळ लागतो, आणि तो जुन्या थिएटरांनी अनुभवाने साधला होता. आज नूतनीकरणात काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. लॅमिनेटचे चकचकीत पॅनेल, पीओपीचे टांगलेले छत, फोमच्या जाड खुर्च्या, भिंतीभर कार्पेट. मग आवाज मरतो, आणि मेलेल्या आवाजाला जिवंत करायला स्पीकर लावावे लागतात. कोल्हापूरच्या नव्या प्रेक्षागृहाची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हावी असे मला वाटते: मधल्या रांगेत बसलेल्या माणसाला मायक्रोफोनशिवाय नाट्यपद ऐकू येते का?

हे फोम, कार्पेट आणि टांगते छत केवळ कानाला वाईट नाहीत. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये आवाज शोषण्यासाठी भिंतीवर चिकटवलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि 100 माणसे मेली. टांगत्या छताच्या वरची पोकळी तर आगीचा चोरवाटेचा रस्ता असतो. वायरिंग तिथेच, धूळ तिथेच, आणि खाली बसलेल्याला छत कोसळेपर्यंत काही दिसत नाही. नाट्यगृहांच्या आगींचा इतिहास लांब आहे. 1881 मध्ये व्हिएन्नाचे रिंगथिएटर जळून शेकडो माणसे गेली आणि त्यानंतर युरोपात रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा ही पद्धत रुजली. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये नेपथ्याने पेट घेतल्यावर तो संरक्षक पडदा मध्येच अडकला, दारे उघडली नाहीत, 602 जण मेले. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 जण गुदमरून गेले. महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. कायदा पुरेसा आहे. प्रमाणपत्रामागे खरोखर कोणी विंगेत जाऊन वायर हाताळून पाहिली का, हा प्रश्न आहे.

दुरुस्ती चालू असतानाचे दिवस तर सर्वांत धोक्याचे. बार्सिलोनाचे लिसेऊ 31 जानेवारी 1994 ला जळाले ते लोखंडी पडद्याच्या दुरुस्तीत उडालेल्या वेल्डिंगच्या ठिणग्यांनी. अपपार्कची आग छतावर शिशाचे पत्रे जोडणाऱ्या कामगारांच्या ज्योतीतून निघाली. पॅरिसचे नोत्र दाम 15 एप्रिल 2019 ला जळाले तेव्हा त्यावर दुरुस्तीचे पहाड चढलेले होते. ग्लासगोच्या कला विद्यालयाची कथा तर काळीज चिरणारी आहे. 2014 च्या आगीनंतर चार वर्षे खपून त्याचे प्रसिद्ध ग्रंथालय पुन्हा घडवले जात होते आणि जून 2018 मध्ये, काम बरेच पुढे गेलेले असताना, सगळी इमारत पुन्हा जळाली. म्हणून कोल्हापुरात काय किंवा उद्या कुठेही, वेल्डिंग आणि गॅसकटरच्या प्रत्येक कामाला लेखी परवानगी हवी, जागेवर माणूस हवा, आणि काम थांबल्यावर निदान तासभर पहारा हवा. सजावट वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय कोणाकडे नाही.

हे काम करणार कोण? चुना महिनाभर भिजवून घाणीत मळणारे, गिलाव्यावर हाताने वेलबुट्टी काढणारे, लाकडी महिरपीचा जोड खिळ्याशिवाय बसवणारे कारागीर अजून आहेत, पण विखुरलेले आहेत. सोलापूरकरांना हे नवे नाही. आपली महापालिका ज्या इंद्रभुवनात बसते ती मल्लप्पा वारद यांची हौस, विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेली, नक्षीकामाने भरलेली. स्मार्ट सिटी योजनेतून तिचे जतन झाले तेव्हा सिमेंटचे थर काढून चुन्याकडे परत जाण्याचे महत्त्व या गावाने डोळ्यांनी पाहिले. असे काम चौरस फुटाच्या ठरीव दराने, सर्वांत कमी निविदेवर देता येत नाही. आधी हातभर नमुना करून घ्यायचा, तो मान्य झाला तरच पुढचे. यात वेळ आणि पैसा जास्त जातो. 20 कोटींत काय बसते आणि काय बसत नाही हे महापालिकेने रंगकर्मींना मोकळेपणाने सांगितले तर लोक समजून घेतील. स्वस्तात केलेली नक्कल मात्र कोणी माफ करणार नाही.

सजावटीचा एक भाग असा आहे की तो दगडात नव्हता, कापडात होता. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आतेमामेभाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले, ललितकलादर्शचेही. पुढे बाबूरावांनी चित्रपट काढले, पण त्यांची दृष्टी घडली ती या पडद्यांवर. मराठी नाट्यगृहाची खरी भिंत म्हणजे हा रंगवलेला पडदा, आणि रंगमंचावर सर्वांत आधी पेट घेतो तोही हाच. आज मूळ धाग्यातच आगरोधक असलेले कापड विणता येते. साध्या सुती कापडाला रसायन चढवले तर ते धुण्याबरोबर निघते आणि पुन्हा पुन्हा चढवावे लागते. चादर आणि टॉवेल देशभर पोहोचवणाऱ्या सोलापूरच्या मागवाल्यांनी केशवराव भोसले नाट्यगृहाचा दर्शनी पडदा विणून द्यावा, असे मला मनापासून वाटते. या मातीतून त्या मातीला याहून चांगली भेट सुचत नाही.

शेवटी येतो नोंदींवर, कारण सगळा प्रश्न तिथे अडतो. नोत्र दामच्या कामाला अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने आगीच्या कितीतरी आधी घेतलेल्या लेसर मोजण्या उपयोगी पडल्या. तो स्वतः आग लागण्याच्या आधीच्या वर्षी वारला होता. त्याला ते काम कोणी आपत्तीसाठी सांगितले नव्हते. आपल्याकडच्या किती नाट्यगृहांचे असे मोजमाप आहे? सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे प्रेक्षक पिढ्यानपिढ्या नाटके पाहत आले. ही वास्तू कोरीव नसेल, पण शहराच्या आठवणी तिथेच आहेत आणि तिला चार हुतात्म्यांचे नाव आहे. तिच्या प्रत्येक भिंतीची, छताची, विंगेची, खुर्चीची मोजणी, छायाचित्रे आणि वायरिंगचा आजचा नकाशा महापालिकेने करून घ्यावा. वास्तुकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरले तर खर्च नगण्य आहे. त्याबरोबरच रिकाम्या नाट्यगृहातल्या आवाजाचेही मापन करून ठेवावे, म्हणजे उद्या काही बदलायची वेळ आली तर आधी आवाज कसा होता हे सांगणारा कागद हातात असेल.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी कित्येकांनी हौशी किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने कोल्हापूरच्या त्या रंगमंचावर पाय ठेवला असेल. मेकअपच्या खोलीत, विंगेत, सज्जात काढलेले फोटो जुन्या अल्बममध्ये पडून असतील. चेहऱ्यांच्या मागे दिसणारा कठडा, दार, दिवा, छताची पट्टी यांना आज मोल आहे. त्या फोटोंची चांगली प्रत काढा, मागे साल आणि नाटकाचे नाव लिहा, आणि कोल्हापूर महापालिकेकडे पाठवून द्या.